वजनाच्या रकान्याशेजारी

सन 1980 चा आरंभ चांदीच्या व्यापाऱ्यांच्या अजूनही स्मरणात असेल. अमेरिकेतील हंट बंधूंनी चांदीचा प्रचंड साठा करून ठेवला होता. जानेवारी 1979 मध्ये औंसाला सुमारे 6 डॉलर असलेला भाव वर्षभरातच 50 डॉलरांच्या जवळ जाऊन भिडला. त्या लाटेचे पाणी दूरवरच्या पेढ्यांपर्यंत आले. सांगलीच्या सराफकट्ट्यावरही त्या दिवसांत मोड घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली होती. वाळे, तोडे, पेले, वाट्या, फुटकी निरांजने असे काहीबाही फडक्यात बांधून माणसे येत, तराजूत घालीत आणि पैसे मोजून घेऊन जात.

अशाच एका दुपारी खेड्यातील एक वयस्कर बाई एका जैन सराफाच्या पेढीवर आल्या. त्यांच्या फडक्यात दोन वाळे आणि एक गोल, जाडसर पदक होते. एका बाजूस राजाचा मुखवटा होता, दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला पुरुष होता आणि कडांशी 1914 व 1918 ही साले होती.

"अण्णा, ह्ये बी चांदीच हाय म्हनत्यात. सासऱ्याचं हाय, लढाईवरनं आल्यालं."

"चांदीच आहे, मावशी. पण भाव वजनाचाच मिळेल."

"मग वजनाचाच द्या."

पेढीच्या कोपऱ्यात सराफांचा 12 वर्षांचा मुलगा अभ्यासाची वही घेऊन बसला होता. त्याने ते पदक हातात घेतले, फिरवले, आणि त्याला कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे दिसली. आकडा होता, नाव होते आणि शेवटी '114 मराठाज' असे लिहिलेले होते. त्याने वडिलांना ते दाखवले. वडील म्हणाले, "नाव सगळ्याच भांड्यांवर असतं, बाळ. मुशीत गेलं की चांदी तेवढी उरते."

वडिलांच्या बोलण्यात निष्ठुरपणा नव्हता. व्यवहार तर अत्यंत चोख होता. त्यांनी घट न धरता बाईंना पूर्ण भाव दिला आणि रोजकीर्दीत नोंद केली : जुनी चांदी, मोड, तीन नग, वजन अमुक. संध्याकाळी मोड आटणीला गेली. मुलाच्या मनात मात्र एक बोच राहून गेली. पलटणीचे नाव त्याच्या लक्षात राहिले, पण माणसाचे नाव तो विसरला.

पुढे तो मुलगा वाणिज्य शाखेतून शिकला, हिशेबनीस झाला, नोकरीनिमित्त इंग्लंडला गेला आणि बर्मिंगहॅमच्या परिसरात स्थायिक झाला. आज पन्नाशी ओलांडलेल्या या गृहस्थांकडे युरोपातील जुन्या सैनिकी पदकांचा एक छोटा, परंतु अतिशय नेटका संग्रह आहे. सराफाच्या घरातील माणसाने असा छंद धरावा याचे पुष्कळांना नवल वाटते. त्याचे मूळ त्या दुपारीच आहे.

एका रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना कासवी रंगाचे एक पदक दिसले. त्यावर पंख पसरलेली विजयदेवता होती आणि फीत इंद्रधनुष्यी रंगांची होती. ते पहिल्या महायुद्धाचे विजयपदक होते. विक्रेत्याने ते अगदी थोडक्या पैशांत देऊ केले. हे पदक एकटे कधीच दिले जात नसे, याच्याबरोबर चांदीचे युद्धपदकही असते, असे विक्रेत्याने स्वतःच सांगितले. मग ते कोठे गेले, असे विचारता तो सहज म्हणाला की ऐंशी साली चांदी चढली तेव्हा सगळ्यांनी ती आटवली.

ते उत्तर ऐकून गृहस्थ क्षणभर स्तब्ध झाले. सांगलीच्या मुशीत जे घडले, तेच त्या वर्षी बर्मिंगहॅमच्या आणि लंडनच्या मुशींतही घडले होते. ब्रिटनने पहिल्या महायुद्धानंतर सुमारे 65 लक्ष चांदीची युद्धपदके काढली. प्रत्येकात साधारण एक औंस, म्हणजे पावणेतीन तोळ्यांच्या आसपास स्टर्लिंग चांदी होती. भाव चढताच त्या औंसाला पदकापेक्षा अधिक किंमत आली. चांदी गेली आणि जिला मोडीत भाव नव्हता ती कासवी धातूची पदके मागे उरली. संग्राहक अशा पदकांना तुटलेली जोडी म्हणतात.

गृहस्थांनी ते एकटे पदक विकत घेतले. घरी येऊन त्यांनी भिंगाखाली त्याची कड पाहिली. आकडा, हुद्दा, नाव, पलटण असा सर्व मजकूर स्पष्ट होता. या वेळी त्यांनी तो लगेच वहीत उतरवून घेतला.

पदक ओळखण्याची विद्या बऱ्याच अंशी सराफीसारखीच आहे. तराजू, भिंग आणि मापणी ही साधने तीच असतात आणि त्यांत लोहचुंबकाची भर पडते. प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने 10 मार्च 1813 रोजी, दिवंगत राणी लुईझेच्या जन्मदिनी, लोहक्रूस हा सन्मान स्थापन केला. नेपोलियनविरुद्धच्या त्या संग्रामात तिजोरी रिकामी होती. सोन्याचे दागिने देऊन त्याबदली लोखंडाचे दागिने घेण्याचे आवाहन राजघराण्यातील स्त्रियांनी केले. त्या लोखंडी दागिन्यांवर 'सोने दिले, लोखंड घेतले' अशा अर्थाची अक्षरे असत. एरवी सोने अंगावर घालणे ही प्रतिष्ठेची गोष्ट. त्या वर्षी ते अंगावर नसणे प्रतिष्ठेचे ठरले. लोहक्रूसाचा गाभा याच भावनेने काळ्या लोखंडाचा ठेवला आणि त्याला चांदीची किनार दिली. म्हणून 1914 च्या क्रूसाला चुंबक चिकटतो की नाही हे प्रथम पाहतात. अपवाद आहेत, पण एकाच साच्यात ओतलेली नक्कल आणि गाभा व किनार जोडून केलेला अस्सल क्रूस यांतील फरक भिंगाखाली कळतो. 1939 च्या क्रूसावर नाझी स्वस्तिक होते. 1957 साली पश्चिम जर्मनीने कायदा करून ते चिन्ह वगळलेली पदकेच वापरण्यास मोकळीक दिली. त्यामुळे जुन्या युद्धाची पण नव्या घडणीची पदकेही बाजारात आढळतात आणि ती नकली नसतात.

फ्रान्सच्या 'लीजन ऑफ ऑनर' या सन्मानाची ओळख त्याच्या मध्यभागी असलेल्या मुखवट्यावरून होते. तो 1802 मध्ये नेपोलियनने स्थापला. साम्राज्याच्या काळात त्यावर नेपोलियनचा मुखवटा होता. बूर्बों राजे परत येताच चौथ्या हेन्रीचा आला, पुढे पुतण्याच्या साम्राज्यात पुन्हा नेपोलियन आला आणि 1870 नंतर प्रजासत्ताकाची देवता आली. सत्ता बदलली की मुखवटा बदले, पदक मात्र तेच राही. सराफांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे फ्रान्समधील धातूची मुद्रा. 1838 पासून सोन्यावर गरुडाचे मस्तक आणि पॅरिसमध्ये तपासलेल्या लहान चांदीच्या वस्तूंवर रानडुकराचे मस्तक ठोकले जाई. तांदळाच्या दाण्याहून लहान असलेली ती मुद्रा सापडली की पदकाची अर्धी हकीकत कळते.

रशियाच्या सेंट जॉर्ज क्रूसाच्या मागे क्रमांक असे आणि त्या क्रमांकावरून सैनिकाचा माग काढता येई. वरचे दोन वर्ग सोन्याचे आणि खालचे दोन चांदीचे होते. पहिले महायुद्ध लांबत गेले तशी झारची तिजोरी आटत गेली आणि अखेरच्या क्रूसांवर 'पिवळा धातू' व 'पांढरा धातू' यांची आद्याक्षरे उमटवण्यात आली. एखादी पेढी बुडण्यापूर्वी तिच्या कागदाचा दर्जा उतरतो, तसे साम्राज्य बुडण्यापूर्वी त्याच्या पदकांचा धातू उतरला.

या विद्येने गृहस्थांना एक फटकाही दिला. 1815 च्या वॉटर्लू लढाईचे पदक आपल्या संग्रही असावे अशी त्यांची फार इच्छा होती. त्या लढाईत हजर असलेल्या सेनापतीपासून शिपायापर्यंत सर्वांना ब्रिटिश सरकारने एकसारखे चांदीचे पदक दिले, प्रत्येकाच्या पदकाच्या कडेवर यंत्राने नाव ठोकले आणि जे धारातीर्थी पडले त्यांच्या वारसांनाही ते दिले. ब्रिटनमध्ये असे प्रथमच घडले. एका विक्रेत्याकडे असे पदक मिळाले. गृहस्थांनी चांदी तपासली, ती उत्तम होती. एका प्रसिद्ध पलटणीचे नाव पाहून त्यांनी बऱ्याच महिन्यांची शिल्लक मोजून ते घेतले. घरी मापणी लावली तेव्हा व्यास हवा त्याहून किंचित कमी भरला आणि वजनही उतरले. कोणीतरी मूळ नाव कानशीने घासून टाकले होते आणि अधिक भाव येईल असे दुसरे नाव हाताने कोरले होते. ठोकलेली अक्षरे आणि कोरलेली अक्षरे यांतला भेद घाईत त्यांच्या ध्यानी आला नव्हता.

सराफाचा मुलगा चांदीच्या वस्तूत फसला, आणि तेही चांदी अस्सल असताना! चांदी खरी होती, नाव खोटे होते. कसोटीचा दगड धातू सांगतो, तो नाव सांगत नाही, हे त्या दिवशी त्यांना कळले. ते पदक त्यांनी विकले नाही. दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारून तूट भरून काढणे शक्य होते, पण त्यांनी ती रक्कम नुकसानीच्या खाती टाकली आणि पदक वेगळ्या डबीत ठेवले. नवशिक्यांना ते आजही तेच प्रथम दाखवतात.

सुट्टीत सांगलीला आले असता त्यांच्या आत्याने एकदा स्पष्टच विचारले, "अरे, आपल्या घरात मुंगीसुद्धा जपून पाऊल टाकून वाचवतात. तू या मारामारीच्या खुणा कशाला गोळा करतोस?" त्यांनी आत्याला दोन डॉक्टरांची गोष्ट सांगितली. ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान म्हणजे 1856 साली स्थापलेला व्हिक्टोरिया क्रूस. तो तोफांच्या काशापासून करतात आणि मोडीत त्याला जवळजवळ काहीच भाव नाही. हा सन्मान दोनदा मिळवणारी माणसे आजवर तीनच झाली आणि त्यांपैकी दोघे डॉक्टर होते. पहिले आर्थर मार्टिन-लीक यांना बोअर युद्धात आणि पुन्हा 1914 मध्ये तो मिळाला. त्यांच्या आयुष्याची पुष्कळ वर्षे आपल्याकडील बंगाल-नागपूर रेल्वेच्या वैद्यकीय सेवेत गेली. दुसरे कॅप्टन नोएल शावास. त्यांनी 1916 मध्ये गिलमाँ येथे आणि 1917 मध्ये ईप्रजवळ गोळ्यांच्या वर्षावात जाऊन जखमींना उचलून आणले. दुसऱ्या वेळी ते स्वतः जखमी झाले, तरी काम थांबवले नाही आणि 4 ऑगस्ट 1917 रोजी त्यांचे प्राण गेले. त्यांची पदके 2009 साली सुमारे 15 लक्ष पौंडांना गेल्याचे प्रसिद्ध झाले होते. दोघांनाही हे सन्मान माणसे मारल्याबद्दल मिळाले नव्हते, वाचवल्याबद्दल मिळाले होते. आत्या काही वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "त्यांचं नाव पुन्हा एकदा सांग."

त्या पहिल्या एकट्या पदकाचा शोध इकडे चालूच होता. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश शिपायांचे सेवापट लंडनमधील एका गोदामात ठेवलेले होते. सप्टेंबर 1940 मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात त्या गोदामाला आग लागली आणि निम्म्याहून अधिक कागद जळून गेले. ज्यांचे सेवापट जळाले त्यांच्यासाठी पदकांच्या नोंदवह्या आणि लहान लहान नोंदपत्रे हाच मोठा आधार उरला. पदकाच्या कडेवरील ओळ या नोंदींशी ताडून पाहावी लागते. तीही जपून, कारण युद्धाच्या आरंभी प्रत्येक बटालियन आपापले क्रमांक देई आणि एकच आकडा अनेक माणसांच्या वाट्याला येई. केवळ आकड्यावर विसंबणारा चुकतो. आकडा, नाव आणि पलटण तिन्ही जुळली तरच नोंद पक्की होते. बँकेतील सही, खाते क्रमांक आणि रक्कम तपासणाऱ्या माणसाला ही शिस्त सांगावी लागत नाही.

नोंद जुळली. तो शिपाई 1917 मध्ये फ्लँडर्समध्ये पडला होता. युद्धस्मशानांची निगा राखणाऱ्या आयोगाच्या दप्तरात त्याच्या पत्नीचे नाव आणि गावही मिळाले. पुढे अनेक वर्षांनी एका लिलावाच्या सूचीत गृहस्थांना तेच आकडे आणि तेच नाव दिसले. त्या शिपायाचे चांदीचे युद्धपदक मुशीतून वाचले होते. कोणीतरी वरची कडी कापून मागे पिन डाखली होती आणि त्याचा ब्रोच केला होता. संग्राहकांच्या दृष्टीने ही मोठी खोट असल्याने बोली फारशी चढली नाही. गृहस्थांनी ते घेतले आणि दोन्ही पदके प्रथमच एका डबीत शेजारी शेजारी ठेवली.

जोडी पूर्ण होताच एका जाणकार विक्रेत्याने खरेदीच्या पाचपट रक्कम देऊ केली. युद्धात पडलेल्या माणसाची पूर्ण जोडी, त्यातून सगळी हकीकत हाताशी, अशी वस्तू वारंवार मिळत नाही. गृहस्थांनी विचाराला आठ दिवस मागितले. भाव योग्य होता, नफा न्याय्य होता आणि वॉटर्लूच्या पदकाची तूटही त्यातून भरून निघाली असती. परंतु त्या आठ दिवसांत त्यांनी शिपायाच्या गावच्या चर्चला पत्र लिहिले. उत्तर आले की त्याची नात अजून त्याच गावात राहते.

त्या वृद्ध बाईंच्या घरी भिंतीवर काशाची एक मोठी गोल चकती लावलेली होती. युद्धात पडलेल्या प्रत्येकाच्या वारसांना ब्रिटिश सरकारने अशी स्मृतिचकती पाठवली होती. अशा 13 लक्षांहून अधिक चकत्या घडवल्या गेल्या. त्यांवर हुद्दा घालायचा नाही असे मुद्दाम ठरले होते, कारण मरण सर्वांचे सारखेच. चकतीवर तेच नाव होते. गृहस्थांनी डबी उघडली. बाईंनी विजयपदकाकडे पाहिलेच नाही. त्यांनी ब्रोच उचलला, उलटा केला आणि मागच्या पिनेवरून बोट फिरवले. त्यांची आजी दर रविवारी चर्चला जाताना तो कोटावर लावीत असे. लहानपणी मांडीवर बसले की ती पिन टोचायची, असे त्यांनी सांगितले. आजी गेल्यावर घर आवरताना तो कोठे गेला, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

थोड्या वेळाने बाईंनी विचारले, "मी आपले किती देणे लागते?"

यावर काय बोलावे याचा विचार गृहस्थांनी येतानाच केला होता. पाचपट मागणे त्यांना नको होते. फुकट देणेही त्यांना रुचत नव्हते, कारण परक्या माणसाच्या उपकाराचे ओझे त्या वयात कोणाच्या माथी का ठेवावे? त्यांनी खिशातून वही काढली, दोन्ही खरेदींच्या नोंदी दाखवल्या आणि तेवढीच रक्कम सांगितली. नफा नाही आणि उपकारही नाही. बाईंनी नोंदी नीट वाचल्या, पैसे मोजून दिले आणि पावती मागितली. गृहस्थांनी पावती लिहून दिली. दोघांचाही मान राहील असा तो व्यवहार होता. त्यांच्या वडिलांना तो नक्कीच आवडला असता.

त्यानंतर ते सांगलीला आले तेव्हा त्यांनी माळ्यावरील जुन्या रोजकीर्दी खाली काढल्या. 1980 ची वही सापडली आणि तिच्यात ते पानही सापडले. वडिलांचे अक्षर वळणदार होते. जुनी चांदी, मोड, तीन नग, वजन, भाव, रक्कम असे सगळे जिथल्या तिथे होते आणि बेरीज बिनचूक होती. फक्त नाव नव्हते, कारण नावासाठी रकानाच नव्हता. 114 व्या मराठा पलटणीचे शेकडो शिपाई मेसोपोटेमियात लढले, 1918 मध्ये शरकातच्या लढाईत त्या पलटणीने पराक्रम गाजवला. त्यांतील त्या एका माणसाला आता शोधणार कसे? वडिलांची चूक होती असे त्यांना वाटले नाही. तो व्यवहार खरा होता, बाईंची गरज खरी होती आणि भावही खरा होता. एक गोष्ट तेवढी टिपायची राहून गेली होती.

पेढी आता त्यांचे पुतणे चालवतात. मोड आजही येते आणि आटणीलाही जाते. ते थांबवावे असे काकांनी सुचवले नाही, कारण पेढी म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे. त्यांनी एवढेच सुचवले की वजनाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा आणि वस्तूवर काही नाव, गाव वा साल घातलेले असेल तर मुशीत जाण्यापूर्वी ते त्यात उतरवावे. पदक असेल तर कड फिरवून पाहावी आणि आणणाऱ्याला त्या नावाविषयी दोन शब्द विचारावेत. त्याला फार तर दोन मिनिटे लागतात आणि खर्च शाईचा.

पुतण्यांनी तो रकाना आखला. त्यात पहिली नोंद पडली ती एका चांदीच्या पेल्याची. पेल्यावर लग्नाची तिथी होती आणि एका मुलीचे माहेरचे नाव होते. पुतण्याने ते मोठ्याने वाचले. पेला विकायला आलेल्या तरुणाने तो परत मागून घेतला, थोडा वेळ हातात धरला आणि म्हणाला, "ही माझी पणजी. हे नाव आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं."

पैशांची निकड होती, त्यामुळे पेला त्याने विकलाच. जाताना मात्र त्याने वहीतले ते नाव एका चिठ्ठीवर लिहून घेतले.